आंबट विहीर

समुद्र चढला, बेटावरची एकुलती विहीर खारी झाली आणि गाव सोडायचं ठरलं. सामान होडीत चढलं, तरी ऋजुता विहिरीवरच अडून बसली होती. पाण्यात सोडलेल्या जिवाणूंच्या पेशीपटलात तिने प्रथिनांचे पंप उलटे बसवले होते. ते मिठातलं सोडियम आत ओढत आणि बदल्यात प्रोटॉन बाहेर टाकत.

"काका, एकच घोट!" तिने हरबाकाकांपुढे पेला धरला.

घोट घेताच काकांचं तोंड वेडंवाकडं झालं. "ह्यात कोकम पिळलंस की काय गो?"

"आंबट? खारट नाही ना?" ती ओरडलीच. "म्हणजे मीठ गेलं! हा आंबटपणा प्रोटॉनचा. कळशीत थोडा चुना टाकला की तोही जाईल!"

काका होडीकडे धावले. "उतरवा रे सामान! आधी माझी पानाची डबी, चुना तिच्यात आहे!"