डावीकडची बाई

आईची नजर पुरती जायच्या आत बाबांच्या फोटोंच्या सगळ्या जुन्या स्लाइड तिला टीव्हीवर दाखवायच्या, असं थोरलीनं ठरवलं होतं. आणि तिनं ठरवलं की ठरवलं. जेवणाच्या टेबलावर स्लाइड ठेवायला दिव्याची पेटी, तिच्यावर स्टँडला लावलेला कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. मागे आरामखुर्चीत आई. तिला आता माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसत.

आताच्या स्लाइडमध्ये मोटारीशेजारी बाबा होते आणि डाव्या कडेला छत्री घेतलेली एक बाई; पण मोटारीच्या नंबरचे आकडे उलटे आले. थोरलीनं कपाळावर हात मारला.

"घातलीस ना पालथी?" आई हसली.

थोरलीनं स्लाइड उलटवून पुन्हा फोटो घेतला. आकडे सरळ झाले. बाबा डावीकडून उजवीकडे गेले, मोटार डावीकडे आली. अगदी डाव्या कडेची छत्रीवाली बाई मात्र डावीकडेच राहिली.

"आई, या मोटारीच्या फोटोच्या वेळी तुमच्याबरोबर कोणी बाई होती का गं? छत्री घेतलेली?"

"छे! आम्ही दोघंच तर होतो. तो फोटो मीच काढलाय."

थोरलीनं काच पुसली, लेन्स पुसली, स्लाइडवर फुंकर मारली आणि ती परत उलटवली. बाबा हलले, मोटार हलली. बाई तिथेच. फक्त आता तिनं छत्री मिटली होती.

"थांब, बघतेच तुला," थोरली पुटपुटली. तिनं स्लाइड काढूनच घेतली आणि रिकाम्या पेटीचा फोटो घेतला.

पडद्यावर नुसता पांढरा उजेड. बाई नाही, छत्री नाही.

"गेली एकदाची ब्याद!"

"अगं, हळू बोल," आई मागून कुजबुजली. "तुझ्या डाव्या हाताला उभ्या आहेत त्या. आधी खुर्ची दे."