चित्रं कुणाची

"पूर्वीच्या संशोधकांनी स्टुडिओ मोजले, कारखाने मोजले," श्रीविद्या इंदिरानगरच्या सभागृहात सांगत होती. "घरी बसून विणणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या बायका कुणाच्या खिजगणतीतच नव्हत्या. विचारलं तर घरचे म्हणायचे, ते काय, घरातल्या घरात होतं. आज कलेच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना आपण आधी विचारतो, हे केलं कुणी?"

टाळ्या पडल्या. तिची भावजय हर्षिता पार मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. भाषणासोबत पडद्यावर दाखवलेली सगळी चित्रं तिनंच काढली होती, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत.

कॉफीच्या वेळी ती श्रीविद्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तेवढ्यात अध्यक्ष आले. "मॅडम, चित्रं फार सुरेख. कुणाकडून करून घेतलीत?"

"छे हो सर, कुणाकडून कुठली," कौतुकानं फुलून श्रीविद्या म्हणाली. "घरातल्या घरातच झाली ती."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. अध्यक्ष मान डोलावून पुढे सरकलेही होते. हर्षिताकडे बघायचा तिला धीर होईना.

"सरी अक्का, असू दे," हर्षिता हळूच म्हणाली, "कप आण इकडे, ठेवून येते."

आणि श्रीविद्यानं तो दिलासुद्धा.