अकरा प्रती

वरच्या मजल्यावरचे फुकटे लोक आमच्या जागेत गाडी लावतात, अशी सणसणीत तक्रार काकांनी सेक्रेटरीसाठी टाइप केली. पण प्रिंट काही निघेना. काकांनी प्रिंटर बंद करून चालू केला, केबल उपटून पुन्हा खोचली, कार्ट्रिज हलवलं, शेवटी दोन चापट्याही दिल्या. दर वेळी नव्या जोमाने प्रिंटचं बटण दोन-तीनदा दाबलं.

"अहो, कुणाला तरी विचारा ना," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षं यंत्रांमध्ये घालवली आहेत मी. मला शिकवू नकोस!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची सून अकरा कागद घेऊन उभी होती.



"काका, आमचं वायफाय वापरताय ते खुशाल वापरा, पण प्रिंट देताना तेवढा तुमचा प्रिंटर निवडत जा."