तिसरं कोणी नाही

श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात, बहात्तर साली, विजयमाला टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. आसपासच्या गावांचा ऊस बघणाऱ्या गट ऑफिसला फोन जोडताना पलीकडे फोन घेणाऱ्या पुंजारामला तीन गोष्टी सांगायच्या, ही तिथली जुनी रीत होती. बोलणार कोण, बोलायचं कोणाशी, आणि शेवटी, "तिसरं कोणी नाही."

हे शेवटचं कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुंजाराम ते वहीत लिहूनही घेत नसे.

नव्या साहेबांनी ते बंद केलं. "ज्याचा उपयोग नाही, ते रोज बोलायचं कशाला?"

त्या दुपारी विजयमालानं पहिला फोन जोडला. दोन नावं सांगितली आणि ती थांबली. पुंजाराम "व्हय" म्हणाला. त्यानंतर लाइनवर कोणीतरी हळूच श्वास घेतला.

"पुंजारामभाऊ, तुमच्याजवळ कोण आहे?"

"मी एकलाच हाय, ताई. मला वाटलं, तुमच्याकडं हाय कोणी."

मग प्रत्येक फोनवर तो श्वास येऊ लागला, दर वेळी थोडा आणखी जवळून. दिवस मावळायला आला तेव्हा तिला राहवेना. साहेब काय म्हणतील ते म्हणोत, असं ठरवून ती जुनं वाक्य मोठ्यानं म्हणाली,

"तिसरं कोणी नाही."

श्वास थांबला. तिला हायसं वाटलं.

"गेलं बघा, पुंजारामभाऊ."

पुंजाराम बोलला नाही. तिनं दोनदा हाक मारली.

मग अगदी कानाशी, तिच्याच आवाजात, कोणीतरी शांतपणे म्हणालं,

"दुसरंही कोणी नाही."