तुटक्या पुलावरची उडी

कोल्हा पुन्हा दरीत पडला.

भोजराजने जॉयस्टिक खाटेवर टाकली. फाटकापर्यंत जाऊन आला, उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि परत टीव्हीसमोर बसला. चार दिवस हेच चाललं होतं. तिसऱ्या टप्प्यात एक तुटका पूल, त्यावर एक उडी, आणि ती उडी दर वेळी चुकायची.

खेळ त्याच्या लेकीने, रुचीने, नागपूरहून आणला होता. बाबाच्या लहानपणी होता तोच व्हिडिओ गेम कंपनीने आता नव्याने काढला होता. तोच राखाडी डबा, तीच लाल बटणं, फक्त आकार तळहाताएवढा. भोजराजने हरखून पेटीतली जुनी कॅसेट शोधून काढली, तर ती आत जाईना. कॅसेटची खाच नुसती दिखाव्याची होती, खेळ डब्यातच भरलेले. घरातल्या जुन्या टीव्हीला त्याची वायर लागेना, म्हणून रुचीने तो समोरच्या खोलीतल्या नव्या मोठ्या टीव्हीला जोडला. पडद्यावर लाल कोल्हा पळायला लागला आणि सत्तेचाळीस वर्षांचा भोजराज पोरासारखा हसला. लकवा मारल्याला सात महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

हसू तिसऱ्या टप्प्यापर्यंतच टिकलं. गोंदियाला मामाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आणि धाकटी बहीण दुर्पता ही उडी डोळे मिटून मारत. आता कोल्हा काठावर आला की तो बटण दाबायचा, आणि कोल्हा काठ सुटल्यावर पाय उचलायचा. भोजराजने घरात सांगून टाकलं, की हात उशिरा चालतो. खेळात इतका, तर रस्त्यावर किती?

डॉक्टरचं म्हणणं वेगळं होतं. हात पूर्ण सुधारला, ट्रक चालवायला हरकत नाही, असं त्याने लिहून दिलं होतं. कोहमाऱ्याच्या ट्रकमालक केवलरामशेठने दहा चाकी गाडी त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळव, एवढंच मागत होता. बायको शामकला तर नवस बोलून बसली होती. वीस वर्षं रस्त्यावर असलेला माणूस खाटेपासून फाटकापर्यंत येरझारा घालतो, हे तिला पाहवत नव्हतं. स्टेअरिंग हाती आलं की जिवाला चैन पडेल, असं ती रोज म्हणायची. भोजराज दरीत पडणाऱ्या कोल्ह्याकडे बोट दाखवी आणि उठून पुन्हा फाटकाकडे जाई.

शनिवारी दुर्पता नागऱ्याहून भेटायला आली. तो डबा पाहताच तिने पिशवी खाली टाकली आणि जॉयस्टिक ओढून घेतली. पहिले दोन टप्पे तिने वहिनीशी गप्पा मारतच पार केले. तिसऱ्यात कोल्हा पडला. ती सावरून बसली. पुन्हा पडला. पाचव्यांदा पडल्यावर तिने जॉयस्टिक मांडीवर ठेवली आणि स्वतःचीच बोटं निरखली.

“भाऊ, मीबी पडून राहिली,” ती म्हणाली. “मले तं लकवा नाही मारला.”

रुचीने मोबाईल काढला, बराच वेळ वाचलं आणि समजावून सांगितलं. जुना टीव्ही चित्र आलं तसं दाखवायचा. नवा टीव्ही आधी ते घासूनपुसून घेतो, मग दाखवतो. त्यात पापणी लवण्याइतका उशीर होतो. आपल्याला कोल्हा काठावर दिसतो तेव्हा तो खरा पुढे गेलेला असतो. तिने टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू केला आणि जॉयस्टिक बाबाच्या हातात दिली.

कोल्हा पूल ओलांडून गेला. दुसऱ्यांदा गेला. दहातल्या दहा वेळा गेला. शामकलाने नवऱ्याच्या तोंडात साखर घातली आणि डोळे पुसत चहा ठेवायला गेली. रुची शेठला फोन लावायला ओसरीवर गेली, तिच्यामागे दुर्पताही.

भोजराज एकटा उरला. मांडीवरचा उजवा हात शांत होता. लकवा मारला त्या सकाळी हाच हात स्टेअरिंगवरून घसरला होता. गाडी रस्ता सोडून उतरली आणि शेताच्या बांधावर चढून थांबली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बांधापलीकडे चार पावलांवर दोन शाळकरी पोरी सायकली धरून उभ्या होत्या, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्यातल्या एकीने हसून हातही हलवला होता. तिला वाटलं, ड्रायव्हरने आपल्यासाठीच गाडी थांबवली.

ओसरीवर रुचीचा आवाज आला. फोन लागत नव्हता, ती पुन्हा लावत होती.

भोजराजने टीव्हीचा रिमोट उचलला आणि गेम मोड बंद केला. कोल्ह्याला पळवत तिसऱ्या टप्प्यापर्यंत आणलं. काठावर बटण दाबलं. कोल्हा दरीत पडला. भोजराजचे खांदे सैल झाले.

मागे चहाचे कप घेऊन शामकला उभी होती. कधीची, कोण जाणे. तिने पडद्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्याने मान खाली घातली. तिने कप स्टुलावर ठेवले, रिमोट हळूच काढून घेतला, उशीखाली सरकवला आणि ओसरीकडे तोंड करून आवाज दिला.

“रुची, शेठले नाही म्हण. तुह्या बाबाचा हात अजून उशिरानं चालून राहिला.”