कुपीच्या तळाशी

स्नेहल काचेच्या कांडीने चंबूची आतली भिंत खरवडत होती. तीन आठवडे झाले, तिचं संयुग तेलासारखं पडून होतं. स्फटिक धरायचं नाव नाही. स्फटिक झाल्याशिवाय ते शुद्ध होणार नव्हतं, आणि शुद्ध झाल्याशिवाय त्याने जिवाणू मरतात का, हे तपासायला पाठवता येणार नव्हतं. प्रबंधाची मुदत तर तोंडावर आलेली.

शेजारच्या स्टुलावर विष्णुपंत बसले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सर केडगावहून स्कूटरवर रोज या प्रयोगशाळेत यायचे. घरी बसून करायचं काय, भिंतींशी बोलायचं? आज मात्र त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता.

खिशात एक कुपी होती. हेच संयुग चौतीस वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीने, प्रेमलाबाईंनी, याच ओट्यावर बनवलं होतं. तेव्हा दोघांचं लग्न व्हायचं होतं. दोघांत मिळून बर्नर एकच, आणि त्यावरून रोज भांडण. काय गोड दिवस होते ते! आता बाई नव्हत्या. कुपीच्या तळाला त्यांच्या हातची चिमूटभर पूड तेवढी चिकटून होती. जुना कण पडला की नवं संयुग स्फटिक धरतं, हे विष्णुपंतांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही तीन आठवडे ते गप्प बसले होते, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

शेवटी त्यांनी कुपी पुढे केली. कुपीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर पाहून स्नेहल थबकली.

"सर, हे मॅडमचं..."

"खरवडून चंबूत टाक सगळं."

तिने टाकलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळाशी एक पांढुरकी रेघ उमटली, पसरली, आणि बघता बघता चंबू सुयांसारख्या पिवळसर स्फटिकांनी भरून गेला. स्नेहलला हसू आवरेना. विष्णुपंतही हसले, पण रिकामी कुपी बघून त्यांना बाई पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं.

दुपारी गाळून, वाळवून झाल्यावर स्नेहलने न विचारताच ती कुपी नव्या स्फटिकांनी भरली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"हे तिचं नाही गं," विष्णुपंत म्हणाले.

"सर, मिरजगावला आमच्या घरी विरजण आजीच्या वेळचं हाय. आजी जाऊन दहा वर्षं झाली, म्हशीबी किती बदलल्या. पण आई अजून आजीचं नाव काढून म्हणती, दही आत्याबाईंच्याच हातचं हाय."