लक्ष्मीपूजनातली चिनी सुरी

लक्ष्मीपूजनासाठी आईनं घरातली सगळी नाणी चिंचेनं घासून ताटात मांडली आणि त्यांत माझी चिनी सुरीही होती. हजारो वर्षांपूर्वी चीनमध्ये सुरीच्या आकाराची नाणी चालत. हे त्यांतलंच एक, मुठीला कडी असलेलं, हिरव्या गंजानं मढलेलं. अकोल्याच्या पुंजाजीभाऊंनी दिलेलं. नाणी जमवण्याच्या छंदात त्यांनीच मला बोट धरून आणलं, म्हणून बदल्यात मी माझं एकुलतं एक फावड्याच्या आकाराचं जुनं चिनी नाणं त्यांना दिलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "हिरवा रंग म्हंजे हिचा जीव हाय. कधीच धुवू नको." मी ओरडलो, "काय केलं वं आई हे!" ती गांगरली. "तूच तं नाणं हाय म्हणे. मंग पूजेले नको का? हात फिरवला तं निंगालंच सारं हिरवं." मी सुरी उचलली. ती नव्या लोट्यासारखी पिवळीधमक दिसत होती. इतका जुना गंज चिंचेच्या एका गोळ्यानं निघतो? तरी मन मानेना. मी फोन लावला. "आईनं सुरी धुतली जी, भाऊ." नाण्यावर बोटाचा ठसा उठला तरी खवळणारा माणूस. त्यांनी मला शिव्या घालाव्यात, सत्यानाश केला म्हणून ओरडावं, याची मी जीव मुठीत धरून वाट पाहिली.  पण ते हळूच म्हणाले, "आजून कोणाले दाखवली तं नाही ना?"